बंद पडलेले बोर्ड आणि उरलेली कार्डं

(भंडारा येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तेवढा तसाच ठेवला आहे. वक्त्यांनी टेबलावर जे दाखवले ते गरज असेल तिथे शब्दांत लिहिले आहे.)

मागे बसलेल्यांना आवाज येतोय ना? बरं.

या टेबलावर तीन वस्तू ठेवल्या आहेत. पहिली ही लाकडी पेटी, उघडली की आत हिरवा बोर्ड, बटणं आणि सहा लाल आकडे. सभागृहात पन्नाशीच्या पुढचे इलेक्ट्रॉनिक्सवाले असतील तर त्यांनी ओळखलं असेल, ८०८५चं किट. दुसरी ही निळी पाटी, इंटेलचा गॅलिलिओ बोर्ड. तिसरा रास्पबेरी पाय, तोही अगदी पहिल्या पिढीतला. तिन्ही चालतात, सकाळी चालवून बघूनच आणलेत. आणि तिन्ही आज तुम्हाला नवे मिळायचे नाहीत.

आजचा विषय ठरला त्याला एक कारण घडलं. ज्या संस्थेत मी नोकरी केली तिथल्या प्रयोगशाळेत एक गोदरेजचं कपाट आहे. त्यात अशी चौदा किटं आहेत आणि त्यांच्याबरोबर जोडायची कार्डं, म्हणजे स्टेपर मोटरचं कार्ड, ट्रॅफिक सिग्नलचं कार्ड, लिफ्टचं कार्ड, पन्नासेक तरी असतील. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये सगळ्यांची नोंद आहे. आता त्यांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव तयार झालाय. निर्लेखन झालं की लिलाव, आणि लिलाव झाला की किलोच्या भावाने भंगार. मला विचारणा झाली की तुमचं काही म्हणणं आहे का? म्हणणं आहे. पण ते सांगण्याआधी हे सगळं काय प्रकरण आहे ते समजून घेऊ, नाहीतर म्हाताऱ्याचं जुन्या वस्तूंवरचं प्रेम म्हणून तुम्ही सोडून द्याल. (हशा)

सिंगल बोर्ड कॉम्प्युटर म्हणजे काय, तर नावातच आहे. प्रोसेसर, मेमरी, बाहेरच्या जगाशी बोलायची सोय, सगळं एकाच पाटीवर. आज हा शब्द ऐकला की मुलांना रास्पबेरी पाय आठवतो. पण कल्पना जुनी आहे. १९७६ साली इंटेलने ८०८५ हा प्रोसेसर आणला. त्याच सुमारास अमेरिकेत मॉस टेक्नॉलॉजीचा किम-१ नावाचा बोर्ड २४५ डॉलरला मिळत होता. मग इंटेलनेच एसडीके-८५ नावाचं किट काढलं, लोकांनी प्रोसेसर हाताळून बघावा, शिकावा म्हणून. आपल्याकडे कॉलेजांमध्ये जी किटं आली, मुंबईच्या डायनालॉगची, चेन्नईच्या व्ही-आय मायक्रोसिस्टिम्सची, आणखीही बऱ्याच जणांची, ती सगळी त्याच घराण्यातली. बरोबर पुस्तक असायचं गावकरांचं. रमेश गावकर, न्यूयॉर्क राज्यातल्या ओनोन्डागा कम्युनिटी कॉलेजात शिकवायचे. १९८४ साली त्यांचं पुस्तक आलं आणि भारतातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी त्याची पानं अक्षरशः झिजवली.

आपण तोंडाने म्हणायचो "एटी एटी-फाइव्ह". त्या शेवटच्या पाचाचं एक कारण आहे. आधीच्या ८०८० प्रोसेसरला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागायचे, याला फक्त पाच व्होल्ट पुरतात. म्हणून बोर्ड सोपा झाला, स्वस्त झाला, आणि तालुक्याच्या गावापर्यंत पोचू शकला. हाच प्रोसेसर, त्याची कमी वीज खाणारी आवृत्ती, १९९७ साली मंगळावर उतरलेल्या सोजर्नर गाडीत होता. हे मी वर्गात सांगायचो तेव्हा मुलं किटाकडे जरा आदराने बघायची.

आता हे चालतं कसं ते बघा. कीबोर्ड नाही, स्क्रीन नाही. सोळा आकड्यांची बटणं, ० ते ९ आणि ए ते एफ. मी दोन संख्यांची बेरीज करतो. पत्ता २००० टाकला आणि एकेक बाइट भरतोय. ३ई, ०५. ०६, ०३. ८०. ३२, ५०, २०. शेवटी सीएफ. झालं, नऊ बाइटचा प्रोग्राम. पहिल्या जोडीने पाच आकडा ए या रजिस्टरमध्ये गेला, दुसऱ्या जोडीने तीन आकडा बी-मध्ये. ८० म्हणजे दोघांची बेरीज कर. आणि ३२, ५०, २० म्हणजे उत्तर २०५० या पत्त्यावर ठेव. इथे दरवर्षी निम्मा वर्ग चुकायचा. पत्ता २०५०, मग आधी ५० का? कारण हा प्रोसेसर पत्त्याचा खालचा अर्धा आधी मागतो. पोरं सरळ २०, ५० लिहायची, उत्तर ५०२० या पत्त्याकडे जायचं, तिथे मेमरीच नाही. मग "सर, किट खराब आहे". किट खराब नसायचं हो. (हशा) गो दाबलं... २०५० बघितलं... ०८. आलं.

जर्नलमध्ये हा प्रयोग क्रमांक एक असायचा. आणि मी आजही म्हणतो की कॉम्प्युटर आकडे कुठे ठेवतो, कुठून उचलतो, हे बोटांना समजावं असा दुसरा प्रयोग मला सापडलेला नाही. पायथॉनमध्ये पाच अधिक तीन लिहा, आठ येतं. ते आठ कुठे राहतं हे विचारा, मुलगा माझ्याकडे बघतो.

आता कार्डांकडे येऊ, कारण आजच्या विषयाचा खरा गाभा तिथे आहे.

किटावर ८२५५ नावाची एक चिप असते. प्रोसेसरला बाहेरच्या जगाचे चोवीस दरवाजे उघडून देणारी ही चिप. आठ-आठच्या तीन रांगा, पोर्ट ए, बी आणि सी. प्रत्येक रांग आत येणारी की बाहेर जाणारी, हे एक बाइट लिहून ठरवायचं. ८० लिहिलं की सगळे बाहेर जाणारे, ९बी लिहिलं की सगळे आत येणारे. आणि रीसेट झालं की ती स्वतःहून सगळे दरवाजे आत येणारे करते, म्हणजे कुणालाच काही ढकलत नाही. हे मुद्दाम तसं केलंय. वीज आल्याबरोबर बाहेरची मोटर सुटू नये.

या चोवीस तारा, एक पाच व्होल्टची आणि एक ग्राउंडची, मिळून झाल्या सव्वीस. म्हणून ही सव्वीस पिनांची चपटी केबल, जिला आपण एफआरसी म्हणतो. कडेची लाल तार म्हणजे एक नंबरची पिन. उलटी लावली की कार्डाला पाच व्होल्ट भलतीकडून मिळतात आणि धूर निघतो. माझ्या हातून दोन गेलीत, कबूल करतो.

या केबलच्या दुसऱ्या टोकाला काहीही जोडा. हे स्टेपर मोटरचं कार्ड बघा. चार तारा पुरतात. ०ए, ०६, ०५, ०९ हे चार आकडे ओळीने पाठवत राहा, मोटर एकेक पाऊल टाकते. पावलाला १.८ अंश, म्हणजे दोनशे पावलांत एक फेरा. आकडे उलट्या क्रमाने पाठवले की मोटर उलटी. आता प्रश्न असा, की या कार्डाला माहीत आहे का की पलीकडे ८०८५ आहे? नाही. त्याला चार तारांवर पाच व्होल्टचं चालू-बंद दिसतं, बस्स. पलीकडे ८०८५ असो, अर्डुइनो असो, नाहीतर मी हाताने चार स्विच दाबत बसलेलो असो, मोटर फिरणारच. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मग ही किटं बंद का पडतात? कंपनीने बनवणं थांबवलं म्हणून आपल्या हातातलं किट थोडंच बंद पडतं? ते पडतं ते त्याच्या एखाद्या अवयवामुळे. बटणांचे संपर्क काळे पडतात. चिपच्या सॉकेटला ऑक्साइड चढतं, चिप काढून परत बसवली की निम्म्या वेळा किट जिवंत होतं. मेमरी टिकवायला बोर्डावर निकेल-कॅडमियमची बॅटरी असायची, ती पाझरते आणि आजूबाजूचा तांब्याचा रस्ता खाऊन टाकते. ज्यांच्याकडे असं किट आहे त्यांनी आज घरी गेल्यावर पहिल्यांदा ती बॅटरी कापून काढा. पॉवर सप्लायचे कपॅसिटर फुगतात. म्हणून जुनं किट सप्लायला जोडण्याआधी नुसता सप्लाय चालू करून मल्टिमीटरने मोजायचा, ४.७५ ते ५.२५ च्या मध्ये असेल तरच पुढे जायचं. हे सगळं दुरुस्त होतं. एक गोष्ट होत नाही, ती म्हणजे ईप्रॉम.

ईप्रॉम म्हणजे ही चिप, जिच्या पाठीवर काचेची खिडकी आहे. बटण दाबलं की आकडा दिसतो, पत्ता टाकला की बाइट भरता येतो, हे सगळं करणारा मॉनिटर नावाचा प्रोग्राम हिच्यात असतो. तो नसेल तर किट म्हणजे नुसती पाटी. खिडकी कशाला? तर आतला मजकूर पुसायला. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटं धरली की चिप कोरी. आणि आपोआप पुसली जाऊ नये म्हणून खिडकीवर अपारदर्शक स्टिकर लावतात.

आता माझी गोष्ट. २०२० साली ऑगस्टच्या शेवटी वैनगंगेला पूर आला, भंडाऱ्यात कुणाला सांगायला नको. मध्य प्रदेशात पाऊस कोसळला, तिकडचं संजय सरोवराचं पाणी सोडलं, आणि आपल्या शहरात घराघरांत पाणी शिरलं. आमची प्रयोगशाळा तळमजल्यावर. कपाटाच्या खालच्या दोन फळ्या पाण्यात. पाणी ओसरल्यावर गाळाने भरलेली किटं आम्ही बाहेर काढली, स्वच्छ पाण्याने धुतली, मऊ ब्रशने घासली. यात काही चूक नव्हती, वीज नसताना बोर्ड धुवायला हरकत नाही, पूर्ण वाळला पाहिजे एवढंच. मग ती गच्चीवर वाळत घातली. लॉकडाऊनमुळे कॉलेज बंद, विद्यार्थी नाहीत, घाई नाही. शिपाईमामा सकाळी बाहेर ठेवायचे, संध्याकाळी आत. ऑक्टोबरचं ऊन. दहा-बारा दिवस मजेत वाळली.

पाण्याने स्टिकर निघून गेले होते. खिडक्या उघड्या, आभाळाकडे तोंड करून.

चिपच्या माहितीपत्रकात हे छापलेलं असतं. इंटेलच्या २७१६च्या पत्रकात स्पष्ट आहे, की खोलीतल्या ट्यूबलाइटच्या उजेडात अशी चिप पुसायला साधारण तीन वर्षं लागतात आणि थेट उन्हात साधारण एक आठवडा. मी हे वर्गात शिकवलेला माणूस आहे हो. व्हायवाला मी स्वतः हा प्रश्न विचारलाय. आणि मीच ती उन्हात ठेवली. किटं जोडली तेव्हा सहाच्या सहा आकड्यांवर अंधार. काहींवर वाकडंतिकडं काहीतरी उमटायचं, कारण मजकूर अर्धवट पुसला गेला होता. भिजलेली नऊ होती, नऊच्या नऊ गेली.

वाचलो ते अपघाताने. वरच्या मजल्यावर स्टाफरूममध्ये एक किट डेमोसाठी नेलेलं होतं, ते कोरडं होतं. त्याचं ईप्रॉम काढून प्रोग्रामरवर वाचलं. सगळा मॉनिटर प्रोग्राम आठ किलोबाइटमध्ये मावतो, आज तुमच्या मोबाइलमधल्या एका फोटोत असे शेकडो मावतील. ती फाइल कोऱ्या चिपांवर लिहिली आणि त्याच बनावटीची आठ किटं परत उभी राहिली. सुरुवातीला नवं ईप्रॉम मिळेना. मग एक युक्ती केली. २७६४ ईप्रॉमच्या सॉकेटमध्ये २८सी६४ नावाची विजेने पुसली जाणारी चिप बहुतेक वेळा बसते आणि चालते. फक्त पिन १ आणि पिन २७ किटावर कुठे जोडल्या आहेत ते आधी तपासायचं, दोन्ही पाच व्होल्टला असतील तर काम झालं. हिला खिडकीच नाही, ऊन लागू द्या.

आणि नववं? ते एकटंच होतं, दुसऱ्या बनावटीचं, जुनं. त्याचा जोडीदार आमच्याकडे नव्हता. आजूबाजूच्या दोन-तीन कॉलेजांत विचारलं, त्यांच्याकडची केव्हाच भंगारात गेली होती. ते किट आजही कपाटात आहे. हार्डवेअर म्हणून शाबूत, तपासलंय. पण मुकं.

म्हणजे काय झालं बघा. चिप अजून मिळते. ८२५५ अजून मिळते, कारण त्या काळात या चिपा एकट्या इंटेलच्या नव्हत्या. एनईसी, ओकी, एएमडी अशा अनेक कंपन्या त्याच पिनांच्या त्याच चिपा बनवायच्या. वस्तू उरली, पण आठ किलोबाइटचा मजकूर गेला, जो कुणीतरी दहा मिनिटांत उतरवून ठेवू शकला असता.

आता नव्या बोर्डांकडे. तुम्हाला वाटेल हे जुन्यांचंच दुखणं आहे. उलटं आहे. ८०८५ची किटं चाळीस वर्षं चालली. हा निळा गॅलिलिओ २०१३ साली आला. पुढच्या वर्षी त्याची दुसरी आवृत्ती आणि एडिसन नावाचं टपाल तिकिटाएवढं मॉड्यूल आलं. २०१६च्या ऑगस्टमध्ये जूल. आणि जून २०१७ मध्ये इंटेलने तिघांनाही निरोप दिला, त्या वर्षाअखेर शेवटचा माल. जूलला तर वर्षही पुरं झालं नव्हतं.

कंपनीने उत्पादन थांबवलं हा त्यांचा धंद्याचा निर्णय, त्यावर मी काही म्हणत नाही. मला रस आहे तो त्यांच्याभोवती जी कार्डं जमली होती त्यांच्यात. एडिसन घ्या. त्याला खाली बारीकसा सत्तर पिनांचा कनेक्टर. हाताने तार जोडायची सोय नाही, त्यामुळे काहीही करायचं तर आधी दुसरा बोर्ड घ्या. त्यावरचे सिग्नल १.८ व्होल्टचे, बाजारातली बहुतेक कार्डं ३.३ किंवा ५ ची. अमेरिकेतल्या स्पार्कफनने त्याच्यासाठी एकावर एक रचता येणाऱ्या छोट्या कार्डांची अख्खी मालिका काढली, बॅटरीचं, मोटरचं, स्क्रीनचं. सुंदर होती. एडिसन गेलं आणि ती सगळी एका दिवसात अनाथ झाली, कारण तो कनेक्टर तशा रचनेत दुसरं कुणी वापरतच नव्हतं.

गॅलिलिओचं वेगळं. त्याने शहाणपणा केला, अर्डुइनोची कार्डं, ज्यांना शील्ड म्हणतात, ती बसतील अशा पिना ठेवल्या. म्हणून गॅलिलिओ गेला तरी त्यावरची शील्डं माझ्याकडे आजही अर्डुइनोवर चालतात. पण बसलं म्हणजे चाललं असं नाही. पहिल्या गॅलिलिओत बऱ्याचशा पिना प्रोसेसरला थेट जोडलेल्या नव्हत्या, मध्ये एक विस्तारक चिप होती. पिन सेकंदाला जेमतेम सव्वादोनशे-अडीचशे वेळा बदलता यायची. दिवा लावायला पुष्कळ, पण ज्या सेन्सरला लाखांश सेकंदाचा हिशोब लागतो तो नापास. पिना जुळल्या, व्होल्टेज जुळलं, वेळ जुळली नाही.

अर्डुइनोची एक गंमत सांगतो, विषयाला धरूनच आहे. या पिनांच्या रांगा बघा. सगळीकडे दोन पिनांत दशांश इंचाचं अंतर, पण सात आणि आठ नंबरच्या मध्ये थोडं जास्त, ०.१६ इंच. सुरुवातीच्या आराखड्यातली ही चूक. दुरुस्त करता आली असती. पण तोवर लोकांनी त्या चुकीच्या मापाची कार्डं बनवून टाकली होती, म्हणून चूक कायम ठेवली. आज पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं शील्ड नव्या बोर्डावर बसतं ते त्या न सुधारलेल्या चुकीमुळे. मला हा निर्णय फार आवडतो.

रास्पबेरी पाय २९ फेब्रुवारी २०१२ला आला. यालाही सव्वीसच पिना, योगायोग समजा. २०१४ मध्ये बी प्लस आला, पिना चाळीस झाल्या. पहिल्या सव्वीस जशाच्या तशा, पुढे चौदा वाढवल्या, म्हणजे विजेच्या हिशेबाने जुनं कार्ड चालायला हवं. पण बोर्डावरच्या इतर वस्तूंची जागा हलली, स्क्रूची भोकं हलली. पायफेस डिजिटल नावाचं एक चांगलं कार्ड होतं, रिले आणि बटणांचं, शाळांसाठी. ते नव्या बोर्डावर नीट बसेना, कंपनीला दुसरी आवृत्ती काढावी लागली. आणि २०२३चा पाय ५? चाळीस पिना त्याच, जागा तीच, व्होल्टेज तेच. पण पिना आता आरपी-१ नावाच्या वेगळ्या चिपमागे गेल्या. पायथॉनची जी लायब्ररी दहा वर्षं सगळी पोरं वापरत होती ती थेट जुन्या चिपच्या रजिस्टरना हात घालायची, ती पाय ५वर चालेना. कार्ड बरोबर, तार बरोबर, प्रोग्राम जुना. लायब्ररी बदलली की काम होतं, पण ते ज्याला कळतं त्याला.

सगळं तितकं निराशाजनक नाही हं. आपल्याच राज्यातलं उदाहरण आहे. आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र प्रकल्पातून फायर बर्ड-५ नावाचा रोबोट कॉलेजाकॉलेजांत गेला, मुंबईच्या नेक्स रोबोटिक्सचा. त्यात मेंदू वेगळ्या कार्डावर ठेवलाय. एव्हीआरचं कार्ड काढा, ८०५१चं बसवा, नाहीतर एआरएमचं. चाकं, सेन्सर, बॅटरी तीच. मेंदू जुना होणार हे धरूनच रचना केली. आपल्या भंडाऱ्यात पितळेच्या भांड्याला कल्हई करतात, भांडं फेकत नाहीत, तसंच काहीसं.

(या ठिकाणी लाखनीकडच्या एका राइस मिल चालवणाऱ्या श्रोत्याने मधेच प्रश्न विचारला. उकड्या धानाच्या ड्रायरवर एका ओळखीच्या मुलाने रास्पबेरी पाय बसवून दिला होता. वीज गेली-आली आणि तो सुरूच होईना. मुलगा पुण्याला गेला, फोन लागत नाही. "सर, म्या तं पूर्ण डब्बाच भंगारात देत होतो. काय करू सांगा.")

बरं झालं विचारलंत. बसा काका, बसा. डब्यात काय काय आहे? पाय, चार निळ्या रिलेचं कार्ड, आणि तापमानाचे तीन सेन्सर, तारेच्या टोकाला स्टीलची नळी असलेले. ठीक. म्हणजे बहुतेक काहीच बिघडलेलं नाही. अशा वेळी शंभरातल्या बहुतेक वेळा गेलेलं असतं ते एसडी कार्ड. त्यावर लिहिणं चालू असताना वीज गेली की आतली नोंद विस्कटते. आणि आपल्याकडे वीज कशी जाते ते मी तुम्हाला सांगायला नको.

तर आधी काहीही उपसू नका. मोबाइलने फोटो काढा, जवळून, दहा-वीस. प्रत्येक तारेला चिकटपट्टी लावून लिहा कुठली तार कुठल्या पिनेवर. मग एसडी कार्ड एखाद्या मुलाकडून कॉम्प्युटरवर लावून बघा, बऱ्याचदा प्रोग्रामची फाइल शाबूत असते, फक्त सुरू होण्याचा भाग गेलेला असतो. फाइल मिळाली तर नव्या कार्डावर सगळं परत बसवता येतं. नाही मिळाली तरी घाबरू नका. तो प्रोग्राम काय करत होता? किती तापमानाला पंखा, किती वेळाने वाफ, धानाची ओल साधारण १४ टक्क्यांवर आली की बंद. हे मशीनला कुणी सांगितलं? तुम्ही त्या मुलाला सांगितलं. म्हणजे ते तुमच्या डोक्यात आहे. आज रात्री वहीत लिहून काढा. ते लिहिलेलं असलं की कुठल्याही पॉलिटेक्निकचा चांगला मुलगा दोन दिवसांत परत उभं करील.

एक सावधगिरी. या निळ्या रिले कार्डांतली बरीचशी उलटी असतात, सिग्नल खाली गेला की रिले लागतो. बोर्ड बदलला की सुरू होताना क्षणभर रिले खटकू शकतो. म्हणून नवीन बोर्ड लावल्यावर आधी पंखा-वाफ काढून रिलेला साधा बल्ब लावा, पाच-सहा वेळा वीज घालवून-आणून बघा. बल्ब उगाच लागला नाही तरच मशीन जोडा. आणि चालू झालं की त्या कार्डाची पूर्ण प्रत काढून दुसऱ्या एसडी कार्डावर ठेवा, मिलच्या गल्ल्यात. कार्ड फक्त वाचण्यापुरतं ठेवायचीही सोय असते, मुलाला तेवढं सांगा, वीज गेली तरी नोंद विस्कटणार नाही.

तर परत आमच्या कपाटाकडे. चौदा किटं वाचवा असं मी म्हणत नाही. अभ्यासक्रमात ती नाहीत, जागा अडते, आणि निर्लेखन करणाऱ्यांचंही बरोबर आहे, नव्या सामानाला फळी पाहिजे. माझं म्हणणं एवढंच, की लिलावाच्या ढिगात किटं आणि कार्डं एकत्र टाकू नका. किट ८०८५शिवाय चालत नाही. पण कार्डांचं तसं नाही, ते मघाशी बघितलं. स्टेपर, ट्रॅफिक, लिफ्ट ही कार्डं पाच व्होल्टवर चालतात आणि अर्डुइनो युनो पाच व्होल्टचाच आहे. सव्वीस पिनांच्या केबलचं टोक कापून तारा मोकळ्या केल्या की थेट जोडता येतात. मी टेबलावर जोडूनच आणलंय, हे बघा. ०ए, ०६, ०५, ०९. फिरतेय ना? रास्पबेरी पायला जोडायचं असेल तर जरा जपून. त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या, कार्डाकडून परत येणारे पाच व्होल्ट त्याला सहन होत नाहीत. मध्ये दोन रेझिस्टर लावा, १.८ किलोओहम आणि ३.३ किलोओहम, पाचाचे सव्वातीन होतात.

म्हणजे पन्नास कार्डं प्रयोगशाळेत राहू शकतात, नव्या बोर्डांबरोबर. आज असं लिफ्टचं कार्ड कुणी बनवत असेल तर मला दाखवा. चार मजले, बटणं, दिवे, सगळं. पोरांना लॉजिक शिकवायला त्यासारखं काही नाही.

आणि किटांपैकी प्रत्येक बनावटीचं एक तरी चालू ठेवायचं, बाकीच्यांच्या चिपा सुटे भाग म्हणून काढून घ्यायच्या. त्याआधी सगळी ईप्रॉम वाचून घ्यायची. वाचायला पाच व्होल्ट पुरतात, साधा प्रोग्रामर चालतो. लिहायची वेळ आली तर मात्र जुन्या २७१६ला २५ व्होल्ट लागतात, ते आजचे बरेचसे स्वस्त प्रोग्रामर देत नाहीत, म्हणून २८सी मालिकेतली चिप बरी पडते. प्रत्येक चिप दोनदा वाचायची. दोन्ही वेळा फाइल सारखी आली तर ठीक. वेगळी आली तर चिप पुसत चालली आहे असं समजायचं आणि सप्लाय किंचित कमी-जास्त करून पुन्हा प्रयत्न करायचा.

परवानगी मिळालीय. येत्या शनिवारी आणि रविवारी सकाळी दहापासून कपाट उघडं आहे. प्रोग्रामर मी आणतोय. साकोली, तुमसर, पवनी, जिथून कुठून आला असाल, तुमच्या शाळेत, कॉलेजात, मिलमध्ये, घरच्या माळ्यावर असं खिडकीवाली चिप असलेलं काही पडलं असेल तर घेऊन या. खास करून ते मुकं किट. त्याची बनावट आणि मॉडेल मी बाहेरच्या फळ्यावर लिहून ठेवलंय. कुणाकडे त्याचा जोडीदार असेल तर तो चालू नसला तरी चालेल, फक्त ईप्रॉम हवंय. आणि आणताना खिडकीवर काळी चिकटपट्टी लावून आणा, मोटरसायकलच्या हँडलला पारदर्शक पिशवीत लटकवून आणू नका.

चला, चहा आहे बाहेर. ज्यांना स्टेपर चालवून बघायचीय ते इकडे या, बाकीच्यांनी चहा घ्या.